ऐच्छिक सराव, पण इच्छा कुणाची?

अमेरिकेत मे महिना लागला की खेळाच्या रेडिओवर हजेरी घेतली जाते. अमुक क्वार्टरबॅक (संघाचा डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) सरावाला आला, तमुक आला नाही, तो सध्या कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर आहे. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचे सामने सप्टेंबरात सुरू होतात, म्हणजे अजून चार महिने हातात असतात. शिवाय ज्या सरावाची ही हजेरी, त्याच्या नावातच 'ऐच्छिक' हा शब्द आहे. तरीही न आलेल्याला जाब विचारला जातो. शाळेत स्नेहसंमेलनाची वर्गणी ऐच्छिक असायची आणि न देणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहिलं जायचं, त्यातलाच हा प्रकार.

(फुटबॉल म्हणजे इथे पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून एकमेकांना धडका द्यायचा तो अमेरिकन फुटबॉल.)

नामवंत, मुरलेल्या खेळाडूने या सरावाला यावं की नाही, हा प्रश्न दरवर्षी शिस्तीचा म्हणून मांडला जातो. मागचा इतिहास पाहिला तर तो मुळात पैशांचा आणि जोखमीचा आहे.

१९५०च्या दशकात असा वाद संभवतच नव्हता, कारण हंगाम संपला की खेळाडू दुसऱ्या कामाला लागायचे. फिलाडेल्फिया ईगल्सचा चक बेडनारिक हा त्या काळातला सर्वांत खमका गडी. त्याचं टोपणनाव 'काँक्रीट चार्ली'. ते त्याच्या धडकेवरून पडलं असं अनेकांना वाटतं, पण तो खरोखरच मोकळ्या दिवसांत काँक्रीट विकायचा. कुणी विमा विकायचा, कुणी शाळेत शिकवायचा. जुलैत ट्रेनिंग कॅम्पला यायचं, सुटलेलं पोट तिथेच घाम गाळून आत घ्यायचं. कॅम्प लांबलचक असायचे, कारण अंगात दम आणण्याचं काम तिथेच व्हायचं, आणि हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांचे पैसे मिळत नसत. १९५६ साली खेळाडूंची संघटना उभी राहिली तेव्हाच्या मागण्या वाचल्या तर आज खरं वाटत नाही: किमान पाच हजार डॉलर पगार, साहित्य संघाने पुरवावं, दुखापत झाली तरी पगार चालू राहावा. या तिसऱ्या मागणीकडे पुढे परत यावं लागेल.

वर्षभर शरीर घडवायची कल्पना हळूहळू आली. १९६३ साली सॅन डिएगो चार्जर्सचे प्रशिक्षक सिड गिलमन यांनी अल्विन रॉय यांना केवळ वजनं उचलण्याच्या तालमीसाठी नेमलं. व्यावसायिक फुटबॉलमधला हा पहिला 'स्ट्रेंथ कोच'. चार्जर्सनी त्या हंगामात एएफएल ही प्रतिस्पर्धी लीग जिंकली. जेवणाच्या टेबलावर डायनाबॉल या स्टेरॉइडच्या गोळ्याही ठेवल्या जात, हा त्याच कथेचा काळा भाग. पण कॅम्पच्या बाहेरही शरीर कमावता येतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढे जेरी राइससारखे खेळाडू ते स्वतःच्या हिमतीवर करू लागले. कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसजवळ अडीच मैलांच्या चढावर राइस धावायचा. जगातला सर्वोत्तम रिसीव्हर (क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा) घडला तो त्या टेकडीवर, आणि तिथे प्रशिक्षक हजर नसायचा.

वाद खऱ्या अर्थाने पेटला तो १९९३नंतर. १९९२च्या सप्टेंबरात मिनिॲपोलिसच्या ज्युरीने फ्रीमन मॅकनील खटल्यात खेळाडूंच्या बाजूने कौल दिला, त्यानंतरच्या तडजोडीतून खेळाडूंना करार संपल्यावर संघ बदलण्याची मोकळीक मिळाली. १९९४पासून सॅलरी कॅप आली: प्रत्येक संघाला पगारांसाठी ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा. (२०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख झाली.) दर वसंतात संघातली बरीच तोंडं नवी दिसू लागली. नव्या माणसाला जाडजूड प्लेबुक (संघाच्या डावपेचांची वही) शिकवायचं कधी? जुलैपर्यंत थांबणं प्रशिक्षकांना परवडेना. आणि आता पगार लाखोंत होते, काँक्रीट विकायची गरज उरली नव्हती. मग मोकळा काळ मोकळा कशाला ठेवायचा? संघांचे वसंतातले कार्यक्रम फुगत गेले आणि २०११पर्यंत ते चौदा आठवड्यांचे झाले होते.

लीग आणि संघटना यांच्यातल्या सामूहिक करारानुसार खेळाडूला या कार्यक्रमाची सक्ती करता येत नव्हती. मग आमिष आलं. खेळाडूच्या स्वतःच्या करारात 'वर्कआउट बोनस' लिहायचा: इतके टक्के दिवस आलास तर इतके डॉलर. सक्ती नाही, पण न आल्यास खिशाला चाट.

२०११च्या मार्चमध्ये मालकांनी लॉकआउट पुकारला आणि साडेचार महिने मैदानांना कुलूप लागलं. एकाही संघाचा वसंतातला कार्यक्रम झाला नाही. नकळत घडलेला हा एक मोठा प्रयोगच होता, पण निकाल दोन्हीकडे बोट दाखवणारा लागला. न्यू ऑर्लिन्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ याने सहकाऱ्यांना टुलेन विद्यापीठाच्या मैदानावर गोळा करून स्वतःच सराव घेतला, आणि त्या हंगामात ५,४७६ यार्ड पासिंग (चेंडू फेकून कापलेलं अंतर) करून विक्रम मोडला. दुसरीकडे जुलैअखेर घाईघाईने कॅम्प उघडले, तेव्हा पहिल्या बारा दिवसांतच दहा खेळाडूंचे घोट्यामागचे अकिलीज स्नायुबंध फाटले. प्रशिक्षकांनी यातून धडा घेतला की वसंतातला सराव हवाच. संघटनेने घेतला तो वेगळा: शरीराला हळूहळू चढती तयारी हवी, ती संघाच्याच आवारात व्हावी असं कुठे आहे?

लॉकआउट संपवणाऱ्या नव्या सामूहिक करारात संघटनेने वसंताचे पाच आठवडे परत मिळवले. चौदाचे नऊ झाले, आणि त्यांचे तीन टप्पे ठरले. पहिले दोन आठवडे फक्त व्यायाम आणि बैठका. पुढचे तीन आठवडे मैदानावर, पण समोर प्रतिस्पर्धी न घेता. शेवटच्या चार आठवड्यांत दहा दिवसांचे ओटीए ('ऑर्गनाइज्ड टीम ॲक्टिव्हिटीज', म्हणजे संघाचे एकत्र सराव): अकरा विरुद्ध अकरा खेळता येतं, हेल्मेट चालतं, पण खांद्याचे पॅड नाहीत आणि धडक तर अजिबात नाही. या सगळ्यानंतर येणारा छोटा मिनीकॅम्प मात्र सक्तीचा, तो चुकवला तर दंड. हे नियम नावापुरते नव्हते. ओटीएमध्ये प्रमाणाबाहेर अंगाला अंग भिडवल्याबद्दल २०१६ साली सिएटल सीहॉक्सना चार लाख डॉलर दंड झाला, प्रशिक्षक पीट कॅरोल यांना वेगळा दोन लाखांचा, शिवाय पुढच्या ड्राफ्टमधली (नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीतली) पाचव्या फेरीतली निवड गेली.

धडक नसलेला फुटबॉल कुणाच्या किती उपयोगाचा, हेही खेळाडूच्या जागेवर ठरतं, आणि रेडिओवरच्या चर्चेत हा मुद्दा हरवतो. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर यांचा मेळ पॅडशिवायही बसतो: कितव्या पावलाला वळायचं, चेंडू कधी सुटेल, हे एकत्र खेळूनच कळतं. लाइनमधल्या, म्हणजे समोरासमोर भिडणाऱ्या फळीतल्या, तीनशे पौंडांच्या माणसाचं सगळं काम धडकेचं. त्याच्यासाठी मेमधला सराव म्हणजे पाण्याविना पोहणं. दहा वर्षं तीच जागा सांभाळलेल्या लाइनमनने तिथे नेमकं काय शिकायचं, याचं पटणारं उत्तर मला अजून कुठे मिळालेलं नाही. असे खेळाडू घरी स्वस्थ बसलेले नसतात. व्हॉन मिलरने २०१७ साली पास रशरांसाठी (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांसाठी) स्वतःचं शिबिर सुरू केलं, २०२१पासून टाइट एंड या जागेवर खेळणारी मंडळी दर जूनमध्ये नॅशव्हिलला जमतात. संघ वेगवेगळे, खेळण्याची जागा एकच, आणि शिकवणारे तेच.

आता नामवंतांचे दाखले. यांचीच गंमत जास्त आहे, कारण प्रत्येक बाजूला हवा तो सापडतो.

क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तरुणपणी बॉस्टनच्या पेट्रियट्स संघाच्या वसंत-सरावाचा आदर्श विद्यार्थी होता. चांगल्या हजेरीबद्दल तिथे आवारात गाडी लावायची खास जागा बक्षीस मिळायची, ती त्याने कितीदा तरी पटकावली. २०१८ साली, वयाच्या चाळिशीत, तो आणि सहकारी रॉब ग्रॉन्कोव्स्की ओटीएला आलेच नाहीत. बॉस्टनमध्ये कोण काहूर! पुढच्या फेब्रुवारीत संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हने तर २००९ साली आख्खा ट्रेनिंग कॅम्पच टाळला. १८ ऑगस्टला तो वायकिंग्स संघाकडे आला, ३३ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) दिले, फक्त ७ चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले, आणि संघ सुपर बोलपासून एक सामना दूर राहिला. पुढच्या वर्षी त्याने तेच केलं. तीन सहकारी त्याला आणायला मिसिसिपीला विमानाने गेले. या वेळी ११ टचडाउन, १९ चुका, सहा विजय, दहा पराभव, आणि हंगाम संपायच्या आत प्रशिक्षक ब्रॅड चिल्ड्रेस यांची नोकरी गेली. सवय तीच, फक्त गुडघे एका वर्षाने म्हातारे झाले होते.

क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सची कथा याहून तिरपागडी. २०२१ साली आपल्या पॅकर्स संघाशी बिनसल्यामुळे तो गैरहजर राहिला, पाच लाख डॉलरच्या वर्कआउट बोनसवर पाणी सोडलं आणि त्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ साली जेट्स संघाकडे गेल्यावर तो उत्साहाने वसंत-सरावाला आला, तिथे पोटरी दुखावून घेतली, आणि ११ सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात चौथ्या खेळीवर त्याचा अकिलीज फाटला. २०२४ साली ऐच्छिक सरावाला हजर, पण सक्तीच्या मिनीकॅम्पला दांडी मारून इजिप्तला! क्वार्टरबॅक लमार जॅक्सनने त्याच वर्षी साडेसात लाख डॉलरचा बोनस सोडला आणि हंगामात ४१ टचडाउन पास दिले.

म्हणजे हजेरी आणि कामगिरी यांचा संबंध नाही? नामवंतांपुरता तरी फारसा दिसत नाही. पण बचाव फळीतला अल्बर्ट हेन्सवर्थही होता. १ एप्रिल २०१० रोजी वॉशिंग्टनकडून त्याने २ कोटी १० लाख डॉलरचा बोनस खिशात घातला, मग नव्या प्रशिक्षकाच्या बचावपद्धतीवर रुसून ऐच्छिक आणि सक्तीचा असे दोन्ही सराव टाळले, आणि कॅम्पमध्ये धावण्याची चाचणी पार करायला त्याला दहा दिवस लागले. प्रशिक्षक ज्या खेळाडूला घाबरतात तो हा. अशा एकामुळे इतर पंचवीस जणांकडे संशयाने पाहिलं जातं.

या साऱ्यात २०२१ सालचा वसंत सर्वांत बोलका. आदल्या वर्षी कोविडमुळे ऐच्छिक सराव पडद्यावरच झाले होते. (त्यातही पेट्रियट्स सोडून टँपाच्या संघात गेलेल्या ब्रेडीने, संघटनेचा सल्ला धुडकावून, टँपाच्या एका शाळेच्या मैदानावर नव्या सहकाऱ्यांना जमवलं आणि सुपर बोल जिंकला.) क्लीव्हलंडच्या लाइनमधला सेंटर आणि संघटनेचा अध्यक्ष जे. सी. ट्रेटर याने हिशेब मांडला: वसंतातल्या सरावाशिवाय खेळाचा दर्जा घसरला नाही, मग तो हवाच कशाला? एप्रिलमध्ये डेन्व्हर, सिएटल, टँपा अशा एकेका संघाच्या खेळाडूंनी आपण येणार नसल्याची पत्रकं काढली. ब्रेडीही आता बहिष्काराच्या बाजूने बोलू लागला.

४ मे रोजी डेन्व्हरच्या लाइनमधला टॅकल जावॉन जेम्स संघाच्या आवाराबाहेर व्यायाम करताना कोसळला. अकिलीज. त्या वर्षीचा त्याचा जवळपास एक कोटी डॉलर पगार 'हमी'चा होता, पण हमी संघाच्या देखरेखीखालच्या दुखापतीपुरती. बाहेर दुखापत झाली की ती 'फुटबॉलेतर' ठरते. लीगने लगोलग सगळ्या संघांना पत्र पाठवून नेमकी ही तरतूद आठवून दिली, आणि डेन्व्हरने जेम्सला मोकळं केलं. ज्या संघटनेने घरी राहा म्हटलं, तिचं ऐकून तो घरी राहिला होता. दुखापतीतही पगार मिळावा ही १९५६ची मागणी पासष्ट वर्षांनी अशी दारात उभी राहिली.

त्यानंतर बहिष्काराची धार गेली. अनेक संघांत खेळाडू आणि प्रशिक्षक यांनी परस्पर तडजोड केली; ईगल्स आणि कोल्ट्सनी तर सक्तीचा मिनीकॅम्पही रद्द केला. पण जेम्सइतकंच दुसरं एक कारण होतं. वसंतात संघात नव्वद माणसं असतात, ऑगस्टअखेर त्रेपन्न उरतात. एक्क्याऐंशीव्या क्रमांकाच्या पोराला मे महिना म्हणजे प्रशिक्षकाच्या नजरेत भरायची संधी, आणि नामवंत घरी असला की त्याच्या वाट्याचे डावही याच पोराला मिळतात. दिवसाला मिळणारे काहीशे डॉलरही त्याला हवे असतात. संघटनेचं गणित असं की मोठे आले नाहीत तर धाकट्यांवरचा दबाव कमी होईल. धाकट्यांचं गणित उलटं: मोठे खुशाल राहू देत घरी, आम्ही निघालो. 'ऐच्छिक' हा शब्द खरा आहे तो मोजक्या दहा-बारा जणांसाठी, आणि त्यांनाही ती मोकळीक आधीच्या पाच-सात हंगामांनी मिळवून दिलेली असते.

२०२४च्या जूनमध्ये संघटनेकडून नवीच कल्पना पुढे आली: वसंतातले ओटीए काढूनच टाका, सगळे एकदम उन्हाळ्यात या आणि कॅम्प लवकर सुरू करा. कागदावर छान. पण काही ज्येष्ठ खेळाडूंनाच ती रुचली नाही, कारण जून-जुलै म्हणजे मुलांच्या शाळेला सुट्टी आणि घरच्यांबरोबर बाहेर पडायचे वर्षातले एकमेव आठवडे. प्रस्ताव पुढे सरकला नाही, तो मांडणारे कार्यकारी संचालक लॉइड हॉवेल २०२५च्या जुलैत पायउतार झाले. १,०१९ विरुद्ध ९५९ अशा काठावरच्या मतांनी २०२० साली मंजूर झालेला सामूहिक करार २०३०च्या हंगामापर्यंत लागू आहे. तोवर एप्रिलचा तिसरा सोमवार उजाडला की आवारं उघडणार, आणि प्रशिक्षक नवा असेल तर पहिलाच सोमवार.