गल्ली (बेळगाव)

बेळगावच्या जुन्या शहरातील वस्तीचा मूळ घटक. किल्ल्याच्या पश्चिमेला भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या दोन रांगा, मधला अरुंद रस्ता, देऊळ, विहीर आणि कारभार पाहणारे पंच मिळून एक गल्ली होते. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली, चव्हाट गल्ली, बसवण गल्ली ही त्यांपैकी काही. पत्ता सांगताना घरक्रमांक नंतर, गल्लीचे नाव आधी येते. रेल्वेमार्गापलीकडचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तिथे आणि वडगाव-खासबागेत विणकरांची वस्ती, त्यामुळे अनेक घरांत राहणे आणि माग एकाच छपराखाली. मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी या भाषा कट्ट्याकट्ट्यावर बदलतात. भाजीचा भाव करताना तर एकाच वाक्यात.

घराची दर्शनी रुंदी कमी, खोली जास्त. कट्टा, सोपा (पुढची खोली), माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे परडे असा क्रम. बाजूला खिडक्या नाहीत, कारण बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामायिक. म्हणून माजघरात उजेडासाठी छपरात एक-दोन काचेची कौले बसवतात. भिंती मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाड.

कौले चाळण्याचे काम वळीव येण्याआधी, म्हणजे एप्रिलपर्यंत उरकावे. आढ्यावरचे कोने (माथ्याची कौले) आधी उतरवायचे, मग वरून खाली कौले काढून शेवाळ घासायचे. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत वाजले तर कौल ठेवायचे, बद्द आवाज आला तर बाजूला. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. शंभरामागे पाच जादा धरावीत. खरी गफलत होते ती नवी कौले आणताना. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुन्याशी जुळत नाही, फट राहते आणि गळती थेट रिपांवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांवर येते. जुने कौल नमुना म्हणून दुकानात नेणे किंवा एक अख्खी बाजू नवी घालून जुनी कौले दुसऱ्या बाजूला वापरणे, हे दोनच उपाय.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करण्याची हौस महागात पडते. ओल आत कोंडते, गिलावा पोकळ होतो, तळाशी माती भुसभुशीत होते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा योग्य. याहून मोठा धोका शेजारचे घर पाडून नवे बांधताना असतो. सामायिक भिंत एका बाजूने उघडी पडते, तिला लागूनच पायाचा चर खणला जातो आणि पहिल्या संततधारेत ती खाली बसते. हे काम दिवाळीनंतर काढून शिमग्याच्या आत पाया भरून घ्यावा. चर एकदम न खणता चार-पाच फुटांच्या टप्प्यांनी खणावा, भिंतीला टेकू द्यावेत, माथ्यावर कौले किंवा पत्रा टाकून पाणी मुरू देऊ नये. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत जिल्ह्यात असंख्य घरे पडली.

राकसकोप आणि हिडकल या धरणांचे नळाचे पाणी आले तशा बऱ्याच विहिरी आणि परड्यातले आड अडगळीत गेले. न उपसलेले पाणी सडते. वरून गटार शेजारी असेल तर तेही झिरपते. गाळ वैशाखात, पाणी तळाला असताना काढतात. उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडावा. विझला तर कुणीही उतरू नये. मात्र तो पेटता राहिला म्हणून हवा चांगलीच आहे असे नव्हे, तेव्हा उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीतच. नंतर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. दोन मीटर व्यासाच्या आणि तीन मीटर पाणी असलेल्या विहिरीला साधारण २४ ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळ तेवढी ओतावी, तास-दीड तास पाणी उपसू नये.

गल्लीचा एकोपा दिसतो तो वर्गणीत. गणेशोत्सव आणि वैशाखातील शिवजयंती हे दोन मोठे खर्च. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी तरुण मंडळी सजीव देखाव्यांची तालीम करतात. बेळगावचे गणेश विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. मूर्तीची उंची ठरवताना गाड्याची उंची मिळवून रस्त्यावरच्या सर्वांत खाली आलेल्या तारेशी ताडून पाहावी. हे न केल्याने बांबूने तारा उचलण्याची वेळ येते, तो उघड धोका आहे. त्या वेळी हेस्कॉम या वीज कंपनीकडून वीज बंद करून घेणे हाच मार्ग. वडगावात आषाढातील मंगाई देवीची यात्राही अशीच सर्वांची.

जुने घर विकत घेणाऱ्याने किंवा दुरुस्तीला कर्ज काढणाऱ्याने आधी कागद पाहावेत. एकाच सिटी सर्व्हे नंबरावर चुलत घराण्यांची नावे असणे नेहमीचे. नोंदणीकृत वाटणीपत्र नसेल तर पुढे अडते. सामायिक भिंत, बोळातून जाण्याचा हक्क आणि आडाचे पाणी यांचा उल्लेख खरेदीखतात स्पष्ट हवा. उतारा आणि ई-आस्तीची (मालमत्तेच्या सरकारी संगणकीय नोंदवहीची) नोंद कन्नडमध्ये मिळते. मराठी आडनावे कन्नडमध्ये उतरताना वेलांटी-काना बदलतो आणि आधारवरच्या नावाशी मेळ बसत नाही. दुरुस्तीचा अर्ज खरेदीआधी, विकणाऱ्याच्या सहीने द्यावा.