फॅमिलियर कोण आणि जिवाचा सोबती कोण?

फँटसीत एका मांत्रिकाच्या खांद्यावर कावळा असतो, दुसरीकडे एखाद्या मुलाबरोबर लांडगा चालत असतो. दोन्ही जनावरांना आपल्या माणसाच्या मनातलं न बोलता कळतं, त्यामुळे वाचक दोघांनाही सर्रास ‘फॅमिलियर’ म्हणतात. मला ते खटकतं. ही दोन नाती वेगळ्या मुळांची आहेत: कावळा हा फॅमिलियर, लांडगा हा जिवाचा सोबती.

फॅमिलियर म्हणजे प्राण्याचं रूप घेतलेला आत्मा. ही कल्पना फँटसीत आली ती इंग्लंडमधल्या चेटकिणींच्या खटल्यांतून. १५६६ साली चेम्सफर्डला अ‍ॅग्नेस वॉटरहाऊसवर खटला चालला. तिचं मांजर तिच्या सांगण्यावरून लोकांचं वाईट करतं आणि मोबदल्यात तिच्या रक्ताचा थेंब घेतं, असा आरोप होता. मांजराचं नाव सैतान. तिला फाशी झाली. पुढे १६०४च्या कायद्यानं दुष्ट आत्म्याला पोसणं किंवा कामाला लावणं हाच देहान्ताचा गुन्हा ठरवला. (अशा आरोपांमागे अनेकदा एखादी गरीब म्हातारी आणि तिचं साधं जनावर एवढंच असे, वाचताना पोटात कालवतं.) थोडक्यात, हा सौदा आहे: तू काम कर, मी तुला पोसते.

खेळांनी त्यातलं रक्त काढलं, चाकरी ठेवली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फँटसी खेळाच्या २०१४च्या नियमांत तासभराच्या विधीनं आणि १० सुवर्णनाण्यांच्या सामग्रीत फॅमिलियर हजर होतो. मांत्रिकाला त्याच्या डोळ्यांनी पाहता येतं. तो मारला गेला तर पुन्हा विधी करायचा. तोच परत येतो, हवं तर घुबडाऐवजी मांजर होऊन.

जिवाच्या सोबत्याला परत बोलावता येत नाही. तो हाडामांसाचा असतो, त्याला भूक लागते, तो म्हातारा होतो. अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये (१९६८) अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लूच आपला स्वार निवडतं आणि त्या क्षणापासून दोघं एकमेकांच्या मनात राहतात. स्वार गेला की ड्रॅगन मागे उरत नाही. ड्रॅगन गेला तर स्वार जगतो, पण अर्धामुर्धा.

माझ्या मते या प्रकारातला खरा कस आयुष्यमानात आहे. रानातला लांडगा साधारण ६ ते ८ वर्षं जगतो, माणूस त्याच्या कित्येक पट. नातं जोडतानाच लेखकाला ठरवावं लागतं: जादूनं लांडग्याचं वय वाढवायचं, की नायकाला भर तारुण्यात अर्धं मन गमवायला लावायचं? शिवाय वाट दुहेरी असते. मुलाला लांडग्याचं नाक मिळतं, तसं लांडग्याला मुलाचं दुःख आणि संकोचही मिळतात, आणि तेही त्यानं न मागता.

सरमिसळही सापडते. त्याच खेळाच्या २०००च्या आवृत्तीत फॅमिलियर मेला की मांत्रिकाचे अनुभवाचे गुण घटत, म्हणजे चाकराच्या जाण्याचीही किंमत मोजावी लागे. फिलिप पुलमन यांच्या कादंबऱ्यांतले ‘डीमन’ मात्र दोन्हींत बसत नाहीत. तिथे माणसाचा आत्माच प्राणी होऊन शेजारी चालतो.

नवी कथा हाती आली की मी एवढंच पाहतो: जनावर ‘नाही’ म्हणालं तर काय होतं? फॅमिलियर नाही म्हणाला, तर मांत्रिक मंत्रात काय चुकलं ते शोधतो. लांडगा वाटेतच बसून राहिला, तर मुलाला थांबून त्याच्याशी बोलावं लागतं.