ट्रायॉप्स पाळायचा तर आधी डबकं समजून घ्या

ट्रायॉप्सची अंडी पाण्यात टाकली आणि आठवडा झाला तरी काहीच निघालं नाही, किंवा पिल्लं निघाली आणि तिसऱ्या दिवशी दिसेनाशी झाली, ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: भांडं माशांच्या टाकीसारखं सांभाळलेलं असतं. ट्रायॉप्स हा कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला, पण पावसाच्या डबक्यात राहणारा जीव. पुढे ढालीसारखं कवच, मागे दोन लांब धागे, कवचावर दोन डोळे आणि त्यांच्याजवळ तिसरा साधा डोळा. धागे सोडून वाढ ३-४ सेंटिमीटरपर्यंत. आयुष्य दीड-दोन महिन्यांचं, पण अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

या अंड्यांचं वागणं कळलं की निम्मं काम झालं. आपल्या बेळगाव जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळतो. अथणी-रायबागकडच्या शिवारात खड्डे भरतात आणि चार दिवसांत आटूनही जातात. अशा पाण्यात सगळीच अंडी फुटली, तर पुढची अंडी घालण्याआधी सगळा वंश उन्हात करपून जाईल. म्हणून एका भिजण्यात थोडीच अंडी फुटतात. बाकीची मिरगाच्या पावसासाठी किंवा त्याही पुढच्या वर्षांसाठी मातीत पडून राहतात. आतला गर्भ जवळजवळ सगळं पाणी गमावून थांबलेला असतो. क्षार कमी असलेलं ताजं पाणी, ऊब आणि उजेड या तिन्ही गोष्टी जुळल्या की तो जागा होतो. डबकं जुनं होत जातं तसे त्यातले क्षार वाढतात, आणि क्षार वाढलेल्या पाण्यात अंडी सहसा फुटत नाहीत.

त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचा. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला येतं, त्यात क्लोरीन असतो. बादलीत दिवसभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, क्षार मात्र तसेच राहतात. काळ्या जमिनीतल्या बोअरच्या पाण्यात तर अंडी घालूच नयेत. गावोगावी असलेल्या प्लांटचं आरओ पाणी चांगलं, त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, १०० च्या खाली असावा. खानापूरकडे पाऊस भरपूर, तिथे पावसाचंच पाणी घ्या. पहिल्या दोन-चार सरी जाऊ द्या आणि मग उघड्या आभाळाखाली प्लास्टिकची बादली ठेवा. पत्र्यावरून ओघळलेलं पाणी नको, त्यात जस्त उतरतं. आणि तांब्याची कळशी किंवा हंडा या कामाला अजिबात वापरू नका. आपल्या आरोग्याला चांगलं म्हणून ठेवलेलं ते पाणी या जिवांना विष आहे, तांब्याचा अंशही त्यांना सोसत नाही. माशांची काही औषधंही याच कारणाने वर्ज्य.

अंडी फोडायला दीड-दोन लिटरचं रुंद, उथळ भांडं पुरे. तळाला एक सेंटिमीटर बारीक वाळू, निवळ पाणी येईपर्यंत धुतलेली. देशी बदामाचं वाळलेलं, तांबूस पान घ्या, त्याचा तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा अंडी टाकण्याच्या दोन दिवस आधी पाण्यात सोडा. पान कुजू लागलं की डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि नवजात पिल्लांचं पहिलं अन्न तेच. हे पान टाकायचं विसरलात तर पिल्लं निघूनही उपाशी मरतात.

पाण्याचं तापमान २४ ते २८ अंशांत ठेवा. मार्च ते मे बेळगावात पाणी तापवावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो, तेव्हा छोटं भांडं पाण्याच्या मोठ्या टबात ठेवून त्या टबात २५ वॉटचा हीटर लावा. हीटर थेट छोट्या भांड्यात सोडला तर पाणी एकदम तापतं. पहिले दोन दिवस वरून ९ वॉटचा एलईडी चोवीस तास चालू असू द्या.

अंडी विटेच्या भुकटीसारखी दिसतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ती पाण्यावर पसरा, ढवळू नका. २४ ते ७२ तासांनी भांड्यामागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारा. झटके देत पुढे सरकणारे पांढुरके ठिपके दिसले तर समजा, जमलं. एकाच लयीत खाली बसणारे ठिपके म्हणजे निव्वळ धूळ.

पहिले तीन दिवस वरून काही खायला घालू नका. इथेच सगळ्यात जास्त पिल्लं मरतात. चिमूटभर पूड टाकली की पाणी दुधट होतं, जिवाणू प्राणवायू संपवतात आणि सकाळी भांडं रिकामं असतं. चौथ्या दिवसापासून टूथपिकच्या टोकावर मावेल एवढीच स्पिरुलिना शेवाळाची पूड, दिवसातून एकदा. आठवड्यानंतर माशांच्या खाद्याचा चुरा, गाजराची पातळ चकती, किंवा मीठ धुऊन काढलेला सुका जवळा. तासाभरात संपलं नाही ते चमच्याने बाहेर काढा.

वाढ थक्क करणारी असते. सुरुवातीला दिवसागणिक कात टाकतात आणि रिकामी कवचं तळाला साठतात, ती मेलेली पिल्लं समजून घाबरू नका. एक सेंटिमीटरचे झाले की मोठ्या टाकीत हलवा, एका जिवामागे निदान दोन लिटर पाणी धरून. दोन्हीकडचं पाणी एकदम एकत्र करू नका, तीन-चार तासांत थोडं थोडं मिसळत जा. आता पाण्यात थोडे क्षार लागतात, नाहीतर कात अर्धवट अडकते आणि जीव त्यातच मरतो. समुद्रफेसाचा नखाएवढा तुकडा टाका. दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला. जोरात ओढणारा फिल्टर लावू नका, स्पंजवाला चालतो.

ट्रायॉप्स उलटे होऊन पृष्ठभागाशी पोहू लागले आणि अंगावर लालसर झाक आली तर पाण्यात प्राणवायू कमी आहे. ती लाली त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनची असते. हवेचा पंप लावा आणि एक तृतीयांश पाणी बदला. वीज जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवा. वीसातला एकच उरला तर रोग शोधत बसू नका. मोठा ट्रायॉप्स कात टाकलेल्या मऊ भावंडांना खातो, दाटी झाली की हमखास.

दोन आठवड्यांच्या आसपास मादी तयार होते. पायांच्या अकराव्या जोडीवर दोन छोट्या डब्या असतात, त्यांत लालसर अंडी नुसत्या डोळ्यांना दिसतात. तळाची वाळू उकरून ती त्यात अंडी पुरते. अंड्यांच्या विकतच्या पाकिटांत बहुधा लाँगिकॉडेटस ही अमेरिकी जात असते, तिच्यात एकटा जीवही अनेकदा फुटणारी अंडी घालतो. भारतात आढळणाऱ्या ग्रॅनॅरियसमध्ये मात्र नर-मादी सहसा वेगळे असतात, तिथे एकट्यावर भरवसा ठेवता येत नाही. पाकिटावरचं ‘डायनासोरच्या आधीचा प्राणी’ हे वाक्यही तपासून घ्यावं लागतं. शरीराची घडण खरंच अतिप्राचीन आहे, पण आजच्या जाती त्या मानाने बऱ्याच नव्या आहेत, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासातून दिसलं.

सगळे मेल्यावर पाणी नळीने ओढून काढा आणि वाळू सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा, बोटांतून सुटी गळेपर्यंत. मग कागदी पाकिटात महिनाभर ठेवा. ओलसर वाळू प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर बुरशी सगळं खाते. पुन्हा भिजवताना ताजंच आरओ पाणी घ्या. पहिल्या खेपेला चारच पिल्लं निघाली म्हणून वाळू फेकू नका. वळवात न फुटणाऱ्या अंड्यांसारखी मागे राहिलेली अंडी तिच्यात आहेत, ती दुसऱ्या-तिसऱ्या वाळवणीनंतर फुटतात.

वाळू खरोखरच नको झाली तर दहा मिनिटं पाण्यात खळखळून उकळा आणि मगच टाका, टाकीचं उरलेलं पाणीही उकळूनच ओता. जपानच्या भातशेतीत ट्रायॉप्स चिखल ढवळून तणाची रोपं उपटतो म्हणून उपयोगी ठरला. कॅलिफोर्नियात तोच पाण्यात पेरलेल्या भाताचे कोवळे कोंब उपटतो म्हणून कीड ठरला. खानापूरच्या भाताच्या खाचरांत आणि ओढ्यांत परदेशी जातीची अंडी एकदा गेली, तर ती परत गोळा करता येणार नाहीत.