सेन्सरपुढची दोन मिलिमीटर काच

जुनी रेंजफाइंडर लेन्स (लायकासारख्या आरसा नसलेल्या फिल्म कॅमेऱ्यांची) नव्या मिररलेस कॅमेऱ्याला जोडणारा अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन पाहा, त्यात काहीच नसतं. भिंग नाही, वायर नाही, मोटर नाही. धातूची एक कडी आणि मधे मोकळी जागा. पण ती कडी नेमक्या जाडीचीच लागते, आणि ही जाडी कुठून येते ते कळलं की या लेन्सचे निम्मे गुणदोष समजतात.

प्रत्येक लेन्स आपल्या माउंटपासून, म्हणजे ती कॅमेऱ्याला जिथे बसते त्या कडेपासून, ठरावीक अंतरावर प्रतिमा पाडते. लायकाने १९५४ साली एम३ कॅमेऱ्याबरोबर आणलेल्या एम माउंटचं हे अंतर २७.८ मिलिमीटर आहे. त्याआधीच्या आट्यांच्या माउंटचं २८.८. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून लेन्समधलं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, आरसा वर-खाली व्हायला जागा सोडावी लागते, म्हणून निकॉनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी झालं. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनीच्या ई माउंटला १८ मिमी पुरतात. २७.८ मधून १८ गेले, उरले ९.८. तीच कडीची जाडी. निकॉन झेडसाठी ती ११.८ आणि कॅनन आरएफसाठी ७.८ मिमी.

हीच लेन्स निकॉनच्या डिजिटल एसएलआरला का चालत नाही, तेही याच आकड्यांत आहे. तिथे ५० मिमी फोकल लेंथची लेन्स सेन्सरपासून १८.७ मिमी जास्त लांब बसेल. शाळेतलं भिंगाचं सूत्र वापरून पाहिलं, तर लेन्सपासून साधारण १८ सेंटीमीटरवरचीच वस्तू स्पष्ट येईल. समोरची इमारत कधीच येणार नाही. त्यामुळे २००८ साली पॅनासोनिकचा जी१ येईपर्यंत या लेन्सना डिजिटलमध्ये एप्सनचा आर-डी१ आणि लायकाचा एम८ असे मोजकेच, महागडे आसरे होते.

मिररलेसवर या लेन्सचं एक जुनं दुखणंही बरं होतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहतच नाही. शेजारच्या खिडकीतून दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर आल्या की फोकस झाला असं समजायचं. पण लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी रचलेल्या सोनार जातीच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) बारीक केलं की फोकस थोडा मागे सरकतो. (सोव्हिएत ज्युपिटर-८ आणि ज्युपिटर-३ याच घराण्यातल्या.) खिडकीला त्याचा पत्ता लागत नसे. मिररलेसमध्ये आपण सेन्सरवर पडणारी खरी प्रतिमाच बघतो. ज्या अ‍ॅपर्चरला फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरला चित्र मोठं करून फोकस केलं, की तो प्रश्नच उरत नाही. ५० मिमीची जुनी लेन्स माझ्या मते फिल्मच्या जमान्यात जेवढी नेमकी वापरता येत नव्हती तेवढी आज येते.

वाइड अँगलची, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सची, गोष्ट मात्र वेगळी. बडोद्यात ती तपासायला तांबेकर वाड्याइतकी चांगली जागा नाही. बडोदा संस्थानाचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा. भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं, महाभारत-भागवतातले प्रसंग. सपाट भिंत आणि तिच्यावर कडेपर्यंत बारीक रेघा. भाचीने २१ मिमीची छोटीशी रेंजफाइंडर लेन्स आपल्या सोनीला लावून एफ/४ वर (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) एका भिंतीचा फोटो घेतला. स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर मधल्या आकृतीच्या भुवईची रेघ केसासारखी स्वच्छ, आणि कोपऱ्याकडे जावं तसतशी नक्षी बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखी फिसकटलेली. "मामा, लेन्स खराब आहे का?" लेन्स उत्तम होती.

आरसा नसल्यामुळे रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ आणता येई. त्यामुळे लेन्स लहान आणि रेघा सरळ राहत, पण कोपऱ्यात प्रकाश फार तिरका पडे. २१ मिमीच्या सममित रचनेत तो जवळपास ४५ अंशांनी येतो. फिल्मला याचं काही वाटत नसे, कारण तिच्यापुढे काचच नव्हती. डिजिटल सेन्सरपुढे मात्र अवरक्त किरण अडवणाऱ्या फिल्टरची काच असते. सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तिची जाडी सुमारे २ मिमी आहे.

पाण्याने भरलेल्या बादलीचा तळ वर आलेला दिसतो, आणि तिरकं पाहिलं की आणखी वर. काचही हेच करते. सरळ येणाऱ्या किरणांचा फोकस २ मिमी काचेमुळे ०.६७ मिमी मागे सरकतो, ४५ अंशांनी येणाऱ्यांचा किमान ०.९३ मिमी. म्हणजे मध्य आणि कोपरा यांच्यात पाव मिलिमीटरहून जास्त फरक. एफ/४ वर सेन्सर जेमतेम ०.१२ मिमीची चूक पोटात घालतो, एफ/११ वर ०.३३. कोपरे बारीक अ‍ॅपर्चरला सुधारतात ते यामुळे. पण वाड्यात उजेड कमी, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. एफ/११ तिथे सहज परवडत नाही.

लायकाने आपल्या कॅमेऱ्यांत ही काच मुद्दाम पातळ ठेवली. २००६ च्या एम८ मध्ये ती अर्ध्या मिलिमीटरची होती, तर अवरक्त किरण आत शिरून काळे कृत्रिम कपडे जांभळट दिसू लागले आणि ग्राहकांना लेन्सवर लावायचे वेगळे फिल्टर द्यावे लागले. एम९ मध्ये जाडी ०.८ मिमी केली. दोन्ही बाजूंनी पूर्ण सुटका देणारी काच नाही, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

कोपऱ्यांत कधी कधी जांभळी झाकही येते: तिरका प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. सोनीच्या २०१५ च्या ए७आर २ पासून आलेल्या मागून प्रकाश घेणाऱ्या सेन्सरमध्ये ही झाक बरीच कमी झाली. फिसकटणं तसंच राहिलं, कारण काच तशीच राहिली.

तेव्हा सुरुवात ५० मिमीने करावी, ३५ ने फार तर. २१ किंवा २८ घ्यायची तर आधी आपल्या कॅमेऱ्यावर सपाट भिंतीचा फोटो काढून पाहावा. मेनूमध्ये "लेन्सशिवाय शटर" चालू करावं लागतं, आणि सेन्सर हलवून स्थिरता देणारा कॅमेरा असेल तर फोकल लेंथ हाताने भरावी, नाहीतर तो चुकीच्या मापाने हलतो. या लेन्स एक मीटर, काही ०.७ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. चित्रातला हात किंवा मुकुट जवळून हवा असेल तर लेन्स पुढे सरकवणारा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. ५० मिमीची लेन्स ५ मिमी पुढे आली तरी लेन्सपासूनचं अंतर एक मीटरवरून सुमारे ३८ सेंटीमीटरवर येतं.

जुनी लेन्स विकत घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि पुढून, थोडं तिरकं पाहावं. धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. बडोद्याच्या पावसाळ्यात ती वाढतच जाणार, आणि भिंगावरचं कोटिंग (पातळ लेप) एकदा खाल्लं गेलं की साफ करूनही परत येत नाही.