तालवाद्यांचे ध्वनिमुद्रण आणि एमपी३ : ग्राहकांसाठी माहिती

सांगली-मिरज परिसरातील गायक-वादक, भजनी मंडळे आणि नाट्यसंस्था आमच्याकडून ध्वनिमुद्रण नेतात. मोबाइलवर एमपी३ ऐकून ‘थाप बोथट झाली’ अशी तक्रार येते, ती बहुधा तबला, हलगी किंवा झांजेबाबत असते, तानपुऱ्याबाबत क्वचितच. त्याचे कारण येथे देत आहोत.

एमपी३ करताना फाइल लहान व्हावी म्हणून आवाजाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातील कमी-अधिक कंपनसंख्यांचे प्रमाण मोजले जाते आणि कानाला कळणार नाही अशा बेताने त्या मोजमापातील अचूकता कमी केली जाते. त्यातून उरणारी सूक्ष्म खरखर संपूर्ण तुकड्यावर पसरते. तानपुऱ्याच्या अखंड स्वराखाली ती झाकली जाते. शांततेत एकाएकी हलगीवर काडी बसली, की मात्र तीच खरखर आघाताच्या आधीच्या शांत भागातही शिरते. याला प्री-एको म्हणतात. मोठ्या आवाजानंतरची खरखर शंभरेक मिलिसेकंद कानाला जाणवत नाही, पण आधीची जेमतेम काही मिलिसेकंदच झाकली जाते, म्हणून हा दोष लपत नाही. द्रुत लयीतल्या ‘तिरकिट’मध्ये तर बोलांमधली मोकळी जागाच भरून जाते आणि बोल सुटे ऐकू येत नाहीत.

यावर एमपी३ मध्येच तोड आहे. आघात ओळखला, की ५७६ नमुन्यांच्या (नमुना म्हणजे आवाजाचे एका क्षणाचे मोजमाप) एका तुकड्याऐवजी १९२ नमुन्यांचे तीन तुकडे घेतले जातात, त्यामुळे खरखर थोड्या काळापुरतीच राहते. एएसी या एमपी३सारख्याच दुसऱ्या फाइल-प्रकारात १०२४ नमुन्यांच्या एका तुकड्याऐवजी १२८ नमुन्यांचे आठ तुकडे होतात. मात्र आखूड तुकड्यांत जवळजवळचे स्वर नीट वेगळे होत नाहीत आणि त्यांना बिट्सही (फाइलमधील माहितीची जागा) जास्त लागतात. सोप्या भागात वाचवलेले बिट्स अशा वेळी वापरता येतात, पण ताशाची तर्री सलग चालू राहिली, की १२८ केबीपीएसच्या (दर सेकंदाला १२८ हजार बिट्स) फाइलमध्ये ती शिल्लक लवकर संपते.

म्हणूनच आम्ही प्रत्येक ग्राहकाला मूळ वेव्ह किंवा फ्लॅक फाइल (ज्यात आवाजाची अचूकता कमी केलेली नसते) देतो आणि ती जपून ठेवण्याचा आग्रह धरतो. तालवाद्यांची एमपी३ हवी असल्यास ती ३२० केबीपीएसची घ्यावी. दोष त्यानेही पूर्ण जाईलच असे नाही, पण बराच कमी होतो. एमपी३ वरून पुन्हा एमपी३ कधीही करू नये, कारण पहिल्या वेळची खरखर कायम राहून तिच्यात नव्याची भर पडते. फाइल तपासताना हेडफोन लावून विरामानंतरची पहिली थाप ऐकावी आणि ती मूळ फाइलमधल्या थापेशी ताडून पाहावी.