बोट ढकलत नाही, बोट फक्त वाट मोकळी करतं

मागच्या डिसेंबरात नागपूरला धरमपेठच्या एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनात काहीतरी ठेवा म्हणून गळ घातली. मी माझे दुरुस्त केलेले दोन टाइपरायटर नेले, एक इंग्रजी आणि एक मराठी. दिवसभरात शे-दीडशे मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी की, म्हणजे अक्षरांची बटणं, बडवल्या. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होतो: की दाबली की वरची कागद धरणारी कॅरेज एक घर डावीकडे सरकते, तिला कोण सरकवतं? सगळ्यांचं उत्तर एक. "बोट! की दाबल्यावर तेच ढकलतं ना." एक गृहस्थ तर इंजिनिअर होते.

उत्तर चूक आहे. ते का चूक आहे हे कळलं की टाइपरायटर दुरुस्त करणं निम्मं सोपं होतं. म्हणून हा लेख.

कॅरेजच्या एका टोकाला पट्टी किंवा दोरी बांधलेली असते. ती एका डबीला गुंडाळलेली असते आणि डबीत घड्याळात असते तशी पोलादी मेन स्प्रिंग असते. ही स्प्रिंग कॅरेजला सतत डावीकडे ओढत असते, तुम्ही टाइप करा अगर नका करू. ओळ संपत आल्याची घंटी वाजल्यावर लिव्हर धरून तुम्ही कॅरेज उजवीकडे नेता, तेव्हा ओळ बदलतेच, पण त्याच झटक्यात स्प्रिंगला किल्लीही बसते. पुढच्या सगळ्या अक्षरांची ऊर्जा तिथं भरली जाते. १८७४ साली रेमिंग्टननं बाजारात आणलेल्या पहिल्या टाइपरायटरला शिलाई मशीनसारखं स्टँड आणि पायटा होता. कॅरेज परत न्यायची ती पाय मारून. कंपनी शिलाई मशीनही बनवायची, त्यामुळे त्यात नवल नाही.

माझ्या इंग्रजी मशीनची ओढ मी स्प्रिंगकाट्यावर मोजली. सुमारे ७०० ग्रॅम, म्हणजे ७ न्यूटन. पंचवीस सेंटिमीटरची ओळ धरली तर ७ गुणिले ०.२५, पावणेदोन ज्यूल. पावणेदोनशे ग्रॅमची वाटी जमिनीवरून मीटरभर उंच उचलायला लागते तेवढी ऊर्जा एका ओळीला पुरते.

आता प्रश्न उलटा होतो. स्प्रिंग सतत ओढते आहे, तर कॅरेज एका दमात डाव्या टोकाला जाऊन का आदळत नाही? तिला अडवणाऱ्या यंत्रणेचं नाव एस्केपमेंट. लंबकाच्या घड्याळात टिकटिक करते तिचीच ही बहीण. मी या छंदात पडलो ते हिच्यापायी.

टेकडी गणपतीला चतुर्थीची रांग आठवा. मागून गर्दीचा रेटा आहे. पुढे दोन स्वयंसेवक उभे आहेत आणि त्यांचा नियम असा की एकानं हात काढायच्या आत दुसऱ्यानं हात आडवा घातलाच पाहिजे. दोघांचेही हात एकदम निघाले तर सगळी रांग गाभाऱ्यात.

टाइपरायटरमध्ये गर्दी म्हणजे स्प्रिंग. कॅरेजखाली दातेरी पट्टी असते, ती एका छोट्या चक्रात अडकते आणि त्या चक्राच्या आसावर टोकदार दात्यांचं दुसरं चाक असतं. या चाकासमोर दोन खिट्ट्या. मेकॅनिक त्यांना 'डॉग' म्हणतात. एक डॉग पक्का, जागचा न हलणारा. दुसरा ढिला, त्याला बारीकशी स्प्रिंग असते आणि तो किंचित बाजूला डोलू शकतो. मशीन शांत असताना ढिल्या डॉगनं एक दाता धरून ठेवलेला असतो.

तुम्ही की दाबता. अक्षराची दांडी उठते आणि कागदाला लागायच्या जरा आधी सगळ्या दांड्यांना सामाईक असलेल्या एका आडव्या पट्टीला धक्का देते. त्या धक्क्यानं दोन्ही डॉग एकत्र सरकतात: ढिला दात्यातून बाहेर, पक्का आत. कॅरेज जवळपास जागेवरच, कारण पक्क्यानं तोच दाता धरलाय. मधल्या क्षणात मोकळा झालेला ढिला डॉग आपल्या स्प्रिंगच्या जोरावर चाकाच्या उलट दिशेला टिचकीभर सरकतो आणि मागून येणाऱ्या दात्याच्या वाटेत उभा राहतो. तुम्ही बोट उचलता. पक्का बाहेर, ढिला आत. चाक सुटतं, मागचा दाता ढिल्या डॉगला येऊन टेकतो आणि त्याला ढकलत मूळ जागी नेऊन थांबतो. बरोबर एक दाता. बरोबर एक अक्षर.

म्हणजे कॅरेज सरकते ती की दाबताना नव्हे, सोडताना. जुना टाइपरायटर हाताशी असेल तर एक की अगदी सावकाश दाबून तशीच धरून ठेवा. कॅरेज किंचित हलेल, फार तर. मग बोट सोडा आणि 'टक्' ऐका. प्रदर्शनात एका सातवीतल्या मुलीनं हे वीस वेळा केलं आणि शेवटी म्हणाली, "सर, म्हणजे आपण फक्त परवानगी देतो." माझं सगळं भाषण तिनं चार शब्दांत गुंडाळलं.

आता थोडं गणित. नको असेल तर पुढचा परिच्छेद ओलांडा.

कॅरेज काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, अडीच किलो भरली. ७ न्यूटनची ओढ, म्हणून त्वरण २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. इंचात दहा अक्षरं बसणाऱ्या मशीनवर एक घर २.५४ मिलिमीटर. शाळेतलं s = ½at² लावलं की वेळ येतो ०.०४ सेकंद. मिनिटाला साठ शब्दांचा वेग आणि पाच ठोक्यांचा एक शब्द धरला तर प्रत्येक ठोक्याला ०.२ सेकंद मिळतात. भरपूर. पण घर्षणानं नव्वद टक्के ओढ खाल्ली तर? त्वरण दहापटीनं घटतं, वेळ दहाच्या वर्गमुळानं वाढतो आणि ०.१३ सेकंदांच्या वर जातो. त्यात बोट खाली जाऊन वर यायचा वेळ मिळवा. कॅरेज घरात पोहोचायच्या आत पुढचं अक्षर येऊन बसतं आणि अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात.

हे नव्वद टक्के खाणारं घर्षण येतं कुठून? बहुतेक वेळा तेलातून. ऐकायला विचित्र वाटतं, पण माझा मराठी टाइपरायटर इतवारीच्या बाजारातून किलोच्या भावानं उचलला तेव्हा आधीच्या मालकानं त्यात प्रेमानं खायचं तेल सोडलेलं होतं. वासावरून मला ते जवसाचं वाटलं. जवसाच्या तेलातल्या स्निग्धाम्लांत दुहेरी बंध भरपूर. हवेतला ऑक्सिजन तिथं चिकटतो, रेणू एकमेकांना बांधले जातात आणि तेलाची कातडी बनते. चित्रकार तैलरंगात हेच तेल वापरतात ते याच गुणासाठी. रंगाला वरदान, यंत्राला शाप. शिवाय नागपूरचा मे महिना. उष्णतेनं ही प्रक्रिया वेग घेते.

कोर्टाच्या बाहेर झाडाखाली मशीन मांडून बसणाऱ्या एका जुन्या काकांना दाखवलं. त्यांनी डॉगला नख लावून पाहिलं आणि म्हणाले, "सर, आता अजून तेल नका टाकू ना. तेलानंच त मेली हे मशीन." ते खरं होतं. रॉकेल, दात घासायचा ब्रश आणि तीन रविवार, एवढ्यावर ती उठली. अक्षरांच्या दांड्या ज्या खाचांतून उठतात तिथं मी आजही तेलाचा थेंब टाकत नाही. थिनर तर जवळही आणू नका, रंग निघून येतो.

तेलाखेरीज त्या खाचांत मला लाल पूड सापडली. कुंकू. दर दसऱ्याला यंत्राची पूजा करताना चिमूटभर आत पडायचं, वर अक्षता. यंत्राबद्दल कृतज्ञता वाटणं मला कळतं, मीही कपाट पुसून फूल वाहतो. पण त्या मालकाला कोणीतरी सांगितलं होतं म्हणे की पूजा चुकली म्हणून मशीन अडतं. पूजा चुकली नव्हती, नेमानं झाली होती, म्हणूनच अडत होतं. उलट टोकाची अंधश्रद्धा म्हणजे हल्ली ऑनलाइन दिसणारं 'व्हिंटेज, दुर्मीळ, अँटिक' लिहून पंचवीस हजार मागणं. गोदरेजनं १९५५ पासून पुढची पाच दशकं आणि वर टाइपरायटर बनवले; आपल्याकडे ते दुर्मीळ नाहीत, पडून आहेत.

बिघाड कुठं आहे हे ओळखायची एक युक्ती मला फार आवडते. ओळभर एकच अक्षर टाइप करायचं. चूक ओळीत दर वेळी त्याच जागी आली तर कॅरेजखालची दातेरी पट्टी त्या जागी खराब आहे. चूक ठरावीक अक्षरांनंतर पुन्हा पुन्हा आली तर चाकाचा एक दाता झिजलाय. मधली अक्षरं मोजा, ती चाकाच्या दात्यांइतकी भरतात. फक्त ओळीच्या शेवटी गर्दी झाली तर मेन स्प्रिंगला फेरे कमी पडलेत, कारण तिथं तिची ओढ सगळ्यात क्षीण असते. आणि कुठंही, कशीही चूक आली तर घाण, नाहीतर डॉगची स्प्रिंग. हे फेरे वाढवायच्या भानगडीत मी एकदा पट्टी हातातून सोडली. डबी सर्रकन उलटी फिरली आणि अंगठ्याचं नख काळं घेऊन मी महिनाभर वर्गात शिकवलं. तुटलेल्या पट्टीच्या जागी चांभाराचा मेण लावलेला दोरा उत्तम चालतो.

देवनागरीत मात्र या यंत्रणेची खरी परीक्षा लागते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, पाव मिलिमीटरची चूक मोकळ्या जागेत लपते. आपल्याकडे शिरोरेषा आहे. जरा कमी सरकलं तर अक्षरं भिडतात, जरा जास्त सरकलं तर रेघ तुटते. त्यात 'ख', 'ध', 'भ', 'श', 'ण' ही अक्षरं माझ्या मशीनवर अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत होतात. 'खामला' टाइप करायचं म्हणजे अर्धा ख, काना, काना, म, ल, काना. पहिला काना ख पुरा करतो, दुसरा 'खा' करतो. एस्केपमेंट चुकली की दांडा अक्षरापासून सुटतो आणि भलतंच काही उमटतं.

आणखी एक गंमत. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या की दाबल्या तर कॅरेज हलत नाही, हलून चालणारच नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा नाही. या दांड्यांना नेमक्या त्या जागी एक खाच कापलेली असते, त्यामुळे त्या सामाईक पट्टीला शिवतच नाहीत. धक्का नाही, म्हणून परवानगी नाही. माझ्या मशीनवर अनुस्वाराची दांडी वाकून पट्टीला घासत होती आणि 'धंतोली'त दर वेळी एक रिकामं घर पडत होतं. ती सरळ करायला पक्कड आणि दहा मिनिटं लागली. कारण सापडायला दोन महिने.

आता 'खामला' आणि 'धंतोली' नीट येतात. 'गणेशपेठ'मधला ठ अजून रेघेच्या केसभर वर बसतो. तो शिफ्टवर आहे, आणि शिफ्टचा स्क्रू गंजून बसलाय. काल रात्री त्यावर रॉकेलचा बोळा ठेवून झोपलो.