एमसीबी का पडला नाही?

गिझरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमी आली की पाठोपाठ एक प्रश्न येतोच: 'पण घरात एमसीबी नव्हता का?' होता. बहुतेक वेळा असतोच. धडधाकट होता, आणि त्याने पडायचं काही कारणच नव्हतं. हे मी इतक्या जणांना तोंडी सांगून दमलोय की आता लिहूनच काढतो.

एमसीबी सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी चिनी मातीच्या किटकॅटमध्ये फ्यूजची तार असायची. ती उडाली की घरातलं कुणीतरी तोंडात बॅटरी धरून नवी घालायचं, आणि सारखी उडायला लागली की जाड घालायचं. (त्या जाड तारेवर बोलायला लागलो तर लेख संपेल.) एमसीबी हा त्या तारेचा सुधारलेला वारस. लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडतो. पुढे.

शॉकपासून वाचवणारा खटका वेगळा, त्याचं नाव आरसीसीबी. तो एमसीबीच्याच डब्यात असतो, असला तर. एका एमसीबीच्या दुप्पट रुंद, आणि अंगावर 'टी' म्हणजे टेस्ट लिहिलेलं बारकं बटण. ते दाबलं की तो पडायला हवा. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात. मूळचा ईएलसीबी वेगळ्या तत्त्वावर चालायचा, पण आज दुकानात त्या नावाने मागितलंत तरी हातात बहुधा आरसीसीबीच पडतो. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. एमसीबी आणि आरसीसीबी दोघेही वीज तोडतात, दोघांनाही खटका असतो, म्हणून लोक दोघांना एकच समजतात. घोळ तिथेच आहे.

एमसीबी एवढंच बघतो की करंट किती चाललाय. आरसीसीबीला 'किती'शी कर्तव्य नाही. तो बघतो, गेलेला सगळा परत आला का.

आता आकडे घेऊ, कारण आकड्यांशिवाय हे डोक्यात बसत नाही. दोन हजार वॉटचा गिझर ९ अँपिअरच्या आतच घेतो. त्याला १६ अँपिअरचा एमसीबी लावलेला असतो. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. २३० व्होल्टला तुमच्यातून जाणार ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. छताचा ७५ वॉटचा साधा पंखा याहून जास्त घेतो. थोडक्यात, एमसीबीच्या लेखी तुम्ही म्हणजे बाथरूममध्ये चालू झालेला एक छोटा पंखा. नऊ अधिक पाव, सव्वानऊ. सोळाला अजून बराच अवकाश आहे. आणि सोळा ओलांडले म्हणून तो लगेच पडतो असंही नाही. १८ अँपिअर तासभर वाहिले तरी त्याने पडू नये, असंच त्याचं मानक आहे. त्याला वायर तापून जळू द्यायची नाही, आणि वायर तापायला वेळ लागतो.

माणसाला एवढा वेळ नसतो. चार्ल्स डॅलझिएल नावाच्या बर्कलीच्या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन मोजलं होतं की किती करंटपर्यंत माणूस ती स्वतःहून सोडू शकतो. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास, स्त्रियांत साधारण साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. आपण म्हणतो 'करंटने धरून ठेवलं'. धरून ठेवणारी आपलीच मूठ असते. त्यापुढच्या २३० मिलिअँपिअरला हृदयाची लय बिघडायला एखादा सेकंद पुष्कळ झाला. ह्याच डॅलझिएलने १९६१ मध्ये अमेरिकेत घराघरात गेलेलं गळती ओळखणारं उपकरण बनवलं.

त्याची आणि आपल्या आरसीसीबीची युक्ती एकच, आणि सोपी आहे. वऱ्हाडाची बस निघताना ५२ डोकी मोजली आणि परतताना ५१ भरली, तर कुणीतरी मागे राहिलंय. ते कोण, कुठे, हे नंतर बघू. बस आधी थांबवा. आरसीसीबीत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्ही एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. काही करंट तुमच्या पायातून जमिनीत गेला की तोल बिघडतो, कड्यावरच्या बारीक गुंडाळीला ते कळतं आणि खटका सुटतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलिअँपिअरचा फरक पुरतो, आणि मोठी गळती असेल तर ४० मिलिसेकंदात काम होतं. झटका बसतोच. पण मूठ सुटते.

'आमच्याकडे अर्थिंग आहे' हे त्यापुढचं उत्तर. असू द्या, हवंच. पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकून त्याचा रोध ४० ओहमवर गेला, तर गिझरच्या पत्र्यावर उतरलेली वीज जेमतेम पावणेसहा अँपिअर घेऊन जमिनीत जाईल. नऊ आणि पावणेसहा, पंधराच्या आत. एमसीबी स्वस्थ, पत्रा जिवंत. आरसीसीबी मात्र कुणी हात लावायच्या आधीच पडलेला असतो.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर लोक एमसीबी काढून बसतील. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. गेलेलं परत येतंय ना, मग वायर वितळली तरी त्याची हरकत नाही. कोरड्या चपला घालून एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर त्यालाही तुम्ही बल्बच वाटता. दोन्ही लावा, किंवा दोन्ही कामं एकत्र करणारा आरसीबीओ घ्या. आणि अंगावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलाच घ्या. १०० आणि ३००चे आगीसाठी असतात, माणसासाठी नाहीत.

माझा खरा राग आहे तो 'सारखा पडतो म्हणून डायरेक्ट केला' ह्या वाक्यावर. आरसीसीबी पावसाळ्यात ओलीमुळे पडतो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल कुठेतरी भलत्याच ठिकाणी जोडलेला असतो म्हणून पडतो. दोन्ही वेळा तो खरं सांगत असतो. आतेभावाच्या घरी असाच डायरेक्ट केलेला निघाला. डब्यात आरसीसीबी दिमाखात बसलेला, वायरी बाजूने गेलेल्या. घरच्यांना तीन वर्षं पत्ता नव्हता, कारण ते बटण कुणी कधी दाबलंच नव्हतं.

आता आत्याने ते काम अंगावर घेतलंय. महिन्यातून एकदा, संकष्टीला, चंद्रोदय बघायला कॅलेंडर उघडलं की आधी जाऊन 'टी' दाबते. घर अंधारतं, आजोबा ओरडतात, ती खटका वर करते.